सहयजमान स्पर्धेची कायदेशीर तयारी: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

दोन शेजारी देशांनी मिळून मोठी स्पर्धा भरवायचं ठरवलं की कागदपत्रांचं काम बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होतं. आधी दोन क्रीडा मंडळांचा करार होतो, मग मैदानं जाहीर होतात, मग पुरवठादार नेमले जातात. शेवटच्या तीन-चार महिन्यांत कुणाच्या तरी लक्षात येतं की करमाफीची अधिसूचना निघालेलीच नाही, कॅमेरामनचे व्हिसा एकाच प्रवेशाचे आहेत आणि कोलंबोला गेलेले खोके मुंबईत परत आणताना सीमाशुल्काचा प्रश्न उभा राहणार आहे. तोवर वेळही गेलेला असतो आणि घासाघीस करायची ताकदही.

हा लेख आयोजन समितीत, राज्य संघटनेत किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या वकिलांसाठी, सीएंसाठी आणि मालवाहतूक सांभाळणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण भारत आणि श्रीलंकेचं घेतलं आहे, कारण २०२६चा पुरुषांचा टी-२० विश्वचषक या दोन देशांनी मिळून घेतला आणि २०२५च्या महिला विश्वचषकाचे काही सामने कोलंबोत झाले. दुसऱ्या कुठल्या जोडीसाठी काम करत असाल तर कायद्यांची नावं आणि कलमं बदलतील. क्रम मात्र हाच ठेवा.

## कामाला बसण्याआधी

पहिला प्रश्न: दुसरा देश खरोखर सहयजमान आहे, की फक्त तटस्थ मैदान देणार आहे? या दोन्हींची सर्रास गल्लत होते. सहयजमान मंडळाला उत्पन्नात वाटा, निर्णयात आवाज आणि नुकसानीत भागीदारी असते. तटस्थ मैदान देणारं मंडळ ठरलेला मोबदला घेऊन सेवा पुरवतं. भारत आणि पाकिस्तान यांच्यापैकी कुणीही यजमान असलेल्या आयसीसी स्पर्धांत त्यांचे एकमेकांविरुद्धचे सामने तटस्थ मैदानावर होतील, असं आयसीसीने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे एकाच स्पर्धेत एकच देश सहयजमानही असू शकतो आणि एखाद्या सामन्यापुरता तटस्थ मैदानही. प्रत्येक सामन्यापुढे त्याचा दर्जा लिहून ठेवा, कारण पुढे कर, विमा आणि परतावा या सगळ्याची उत्तरं त्यावरून निघतात.

दुसरं, दोन्ही देशांत स्वतंत्र वकील आणि स्वतंत्र करसल्लागार नेमा. मुंबईतला सल्लागार श्रीलंकेच्या कायद्यावर अंदाजाने मत देतो आणि कोलंबोतला भारतीय जीएसटीवर, हे चित्र नेहमीचं आहे. त्यात दोघांचाही दोष नसतो. चुकीचा प्रश्न त्यांच्याकडे पाठवलेला असतो.

## टप्पा १: कोण काय ठरवतं, याचा तक्ता

एका मोठ्या कागदावर डावीकडे विषय लिहा: व्हिसा, सीमाशुल्क, आयकर, विक्रीवरचा कर, परकीय चलन, पोलिस, ध्वनी, प्रक्षेपण, जाहिरात, जुगार, वैयक्तिक माहिती. पुढे दोन रकाने, प्रत्येक देशाचा एक. प्रत्येक चौकटीत तो निर्णय ज्या कार्यालयाच्या सहीने होतो त्याचं नाव लिहा. ‘सरकार’ असं मोघम लिहू नका.

भारताच्या रकान्यात लगेच एक गोष्ट दिसेल. व्हिसा, सीमाशुल्क, आयकर आणि परकीय चलन केंद्राकडे आहेत. पोलिस, सार्वजनिक सुव्यवस्था, क्रीडा आणि जुगार हे विषय राज्यघटनेच्या राज्यसूचीत आहेत. म्हणजे दिल्लीहून मिळालेली सुरक्षेची हमी मुंबई, कोलकाता किंवा चेन्नईतल्या पोलिस आयुक्तांच्या परवानगीची जागा घेत नाही. श्रीलंकेत पोलिस खातं राष्ट्रीय पातळीवर चालतं, तिथे हा प्रश्न एका दारात सुटू शकतो. ही विषमता लक्षात न घेता दोन्ही देशांसाठी एकच नमुना हमीपत्र पाठवणं ही पहिली मोठी चूक.

इशारा: ध्वनी विसरू नका. भारतात ध्वनिवर्धकाला रात्री दहाची मर्यादा आहे आणि राज्य सरकारला वर्षातले मोजकेच दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. रात्रीच्या सामन्यानंतरचा बक्षीस समारंभ याच वेळेत येतो, आणि सवलतीचे दिवस गणपती, नवरात्रासाठी आधीच दिलेले असतात.

तपासणी: एकाही चौकटीत ‘संबंधित खातं’ असा शब्द उरला असेल तर हा टप्पा पूर्ण झालेला नाही.

## टप्पा २: दोन्ही सरकारांच्या लेखी हम्या

मंडळांच्या कराराआधी हे काम हवं, आणि सगळ्यात जास्त वेळही इथेच लागतो. स्पर्धेच्या किमान दीड वर्ष आधी पत्रव्यवहार सुरू व्हायला हवा असं माझं मत आहे. मंडळ कितीही श्रीमंत असलं तरी व्हिसा देणं किंवा करमाफी देणं त्याच्या हातात नसतं. जे आपल्या हातात नाही त्याचं वचन करारात दिलं, तर ते मोडल्यावर भरपाई मात्र आपणच देतो.

हमीपत्रात निदान एवढं हवं: कोणत्या कायद्याखाली सवलत मिळणार, कोणाला मिळणार (संघ, पंच, प्रक्षेपक, प्रायोजक, पुरवठादार), कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि तिची अधिसूचना कोण काढणार. ‘सर्वतोपरी सहकार्य केलं जाईल’ या वाक्याला कायद्याच्या दृष्टीने काहीही वजन नाही.

कुठे हमीपत्र पुरतं आणि कुठे नवा कायदाच लागतो, हे दोन्ही देशांत स्वतंत्रपणे तपासा. २००७च्या क्रिकेट विश्वचषकासाठी कॅरिबियन देशांना कायदेच करावे लागले. दहा देशांनी १ फेब्रुवारी ते १५ मे २००७ या काळात एकच प्रवास-प्रदेश केला: पहिल्या देशात तपासणी झाली की पुढे दर वेळी नव्याने नाही. ठरावीक तारखेला आपोआप संपणारे कायदे, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट. खासदारांना कायमची सवलत द्यायला संकोच वाटतो. शंभर-सव्वाशे दिवसांची सवलत मागितली तर संमती लवकर मिळते.

## टप्पा ३: दोन मंडळांमधला करार

हम्यांचे मसुदे हातात आले की करार लिहायला बसा. तोवर दोन मंडळांमध्ये जी पत्रं जातात त्यांवर ‘बंधनकारक नाही’ किंवा ‘बंधनकारक आहे’ हे स्पष्ट लिहा. हे टाळल्याची किंमत केवढी असते ते पाकिस्तान क्रिकेट बोर्डाने पाहिलं. २०१४ मधल्या एका पत्राच्या आधारे त्यांनी बीसीसीआयकडे द्विपक्षीय मालिका न झाल्याबद्दल भरपाई मागितली. नोव्हेंबर २०१८ मध्ये आयसीसीच्या तंटा समितीने तो दावा फेटाळला, कारण ते पत्र कायद्याने बांधून ठेवणारं नव्हतं.

करारात पुढच्या गोष्टींवर वेळ घालवा.

स्पर्धेचं नाव आणि अंतिम सामना. क्षुल्लक वाटतं, पण यावरून वाटाघाटी अडतात. २००२च्या फुटबॉल विश्वचषकात कोरियाचं नाव आधी आलं आणि अंतिम सामना जपानमध्ये, योकोहामाला झाला. तिथे दोन स्वतंत्र आयोजन समित्याही होत्या.

एक समिती की दोन? एकत्र समिती केली तर ती कोणत्या देशात, कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे आणि तिचं बँक खातं कुठे आहे, हे लगेच ठरवा. नोंदणीच न झालेली ‘संयुक्त समिती’ करखात्याच्या नजरेत भागीदारांचा गट ठरू शकते, आणि मग प्रत्येकजण दुसऱ्याच्या देण्याला जबाबदार धरला जातो.

एका यजमानाचं यजमानपद गेलं तर? हे कलम लिहायला सगळेच कचरतात, दोस्ती बिघडेल म्हणून. पण असं झालेलं आहे. ३ मार्च २००९ रोजी लाहोरमध्ये श्रीलंकेच्या संघावर हल्ला झाला आणि पाकिस्तानने २०११च्या विश्वचषकाचं सहयजमानपद गमावलं. लाहोरमधलं आयोजन कार्यालय मुंबईत आणलं गेलं. पाकिस्तान मंडळाने आयसीसीला कायदेशीर नोटीस दिली आणि नंतर तडजोड झाली. अगदी अलीकडचं उदाहरण श्रीलंकेचंच आहे. सरकारी हस्तक्षेपाच्या कारणावरून आयसीसीने नोव्हेंबर २०२३ मध्ये श्रीलंका क्रिकेटला निलंबित केलं आणि १९ वर्षांखालील विश्वचषक दक्षिण आफ्रिकेत हलवला. म्हणून करारात तीन वेगळी कारणं वेगळी लिहा: सुरक्षेमुळे, निलंबनामुळे आणि तयारी न झाल्यामुळे. पहिल्यात दोष कुणाचाच नसतो, तिसऱ्यात तो स्पष्ट असतो, आणि दुसऱ्यात मंडळ व सरकार एकमेकांकडे बोट दाखवतात. तिन्हींसाठी भरपाईचा नियम एकच ठेवणं अन्यायाचं होईल.

तपासणी: करारातलं प्रत्येक वचन टप्पा १च्या तक्त्याशी ताडून पाहा. ज्या वचनामागे सरकारी सही लागते, तिथे हमीपत्राचा क्रमांक लिहा. क्रमांक नसेल तर ते वचन ‘परवानगी मिळाल्यास’ या अटीवर ठेवा.

## टप्पा ४: कर, म्हणजे सगळ्यात महाग चूक

इथे थोडं थांबून वाचा. सहयजमान स्पर्धेतल्या कराबद्दल भारतात सर्वोच्च न्यायालयाचा थेट निकाल आहे आणि तरीही तीच चूक पुन्हा होताना दिसते.

१९९६चा विश्वचषक भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका यांनी मिळून भरवला. त्यासाठी ‘पिलकॉम’ ही संयुक्त समिती नेमली होती आणि तिची खाती लंडनमध्ये होती. त्या खात्यांतून निरनिराळ्या देशांच्या मंडळांना हमी रक्कम दिली गेली. पैसे लंडनहून परदेशी गेले, भारताचा संबंध काय, असा बचाव होता. एप्रिल २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. ३७ पैकी १७ सामने भारतात होते. तेवढ्या प्रमाणातली, म्हणजे ४५.९४ टक्के रक्कम भारतात खेळ झाल्यामुळे मिळालेली होती आणि तिच्यावर उद्गम करकपात (टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर कापणं) करायलाच हवी होती, असं न्यायालयाने ठरवलं. दुहेरी कर टाळण्याच्या कराराचा लाभ असला तरी कर कापण्याची जबाबदारी टळत नाही. लाभ ज्याला मिळतो त्याने नंतर परतावा मागायचा.

यातून कामाचे चार नियम निघतात.

१. खातं कुठे आहे यापेक्षा सामना कुठे झाला हे पाहा. प्रत्येक रकमेची सामन्यांच्या प्रमाणात देशवार विभागणी आधीच करून ठेवा.

२. परदेशी खेळाडू किंवा क्रीडा संघटनेला दिलेल्या रकमेवर १९६१च्या आयकर कायद्यात २० टक्के कपात होती, वर अधिभार. करारात ‘करानंतर १०० रुपये हातात’ असं कबूल केलंत, तर अधिभार न धरताही तुमचा खर्च १२५ रुपये होतो. अंदाजपत्रकात १०० लिहिलेले दिसतात आणि फरक वर्षभराने सापडतो.

३. केंद्र सरकार एखाद्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलं विशिष्ट उत्पन्न करमुक्त ठरवू शकतं. स्पर्धेला आंतरराष्ट्रीय संस्थेची मान्यता हवी, दोनपेक्षा जास्त देश सहभागी हवेत आणि अधिसूचना हवी. अधिसूचना निघेपर्यंत माफी नाही, हे कॅलेंडरवर लाल शाईने लिहा.

४. परदेशी कंपनीचा भारतातला मुक्काम चार दिवसांचा आहे म्हणून ती सुटते असं समजू नका. ग्रेटर नोएडातल्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये काही दिवसांच्या शर्यतीसाठीही तो ट्रॅक म्हणजे कंपनीचं भारतातलं कायम ठिकाण मानलं. मैदानाचा ताबा आणि नियंत्रण कुणाकडे होतं, हा कळीचा मुद्दा ठरला.

इशारा: आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६पासून लागू आहे. जुन्या करारांतले कलमांचे क्रमांक जसेच्या तसे उतरवू नका.

आता जीएसटी. परदेशी पुरवठादाराकडून आयोजनाची सेवा घेताना नियम असा आहे की सामना जिथे, तिथे सेवा. पण तीच सेवा एकाच करारात भारत आणि श्रीलंका अशा दोन्ही ठिकाणी दिली जात असेल, तर एकात्मिक जीएसटी कायद्याच्या कलम १३(६)मुळे संपूर्ण सेवा भारतात दिली असं धरलं जातं. कोलंबोत उभारलेल्या मंडपावरही भारतीय कर, आणि श्रीलंकेचा १८ टक्के व्हॅट वेगळा. उपाय साधा आहे: प्रत्येक देशासाठी वेगळा करार, वेगळी किंमत, वेगळं बिल. पण ते काम सुरू होण्याआधी करायचं असतं. बिल आल्यावर फोड करून मागितली तर करअधिकारी ती मानत नाहीत.

प्रायोजकांनाही सांगा: राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरची क्रीडा संस्था नसलेल्या भारतीय कंपनीला परदेशातल्या सामन्याच्या प्रायोजकत्वापोटी एक लाख अमेरिकन डॉलरपेक्षा जास्त रक्कम पाठवायची असेल, तर परकीय चलन नियमांप्रमाणे केंद्राची आधी परवानगी लागते.

## टप्पा ५: माणसांची ये-जा

सहयजमान स्पर्धेतला नेहमीचा सापळा एकाच प्रवेशाच्या व्हिसाचा. संघ मुंबईत उतरतो, कोलंबोला जाऊन येतो आणि परत येताना विमानतळावर अडकतो, कारण पहिला प्रवेश वापरून झालेला असतो. अर्जातच ‘अनेक प्रवेश’ मागा, आणि कार्यक्रमपत्रिका जोडताना अंतिम सामन्यापर्यंतच्या सगळ्या शक्यता जोडा. गटफेरीपुरती जोडली तर व्हिसाची मुदतही तेवढीच मिळते.

माणसांचे गट करून याद्या बनवा: खेळाडू, सामनाधिकारी, प्रक्षेपणाचे तंत्रज्ञ, पत्रकार, प्रेक्षक. तंत्रज्ञ पर्यटक व्हिसावर येऊन कॅमेरा चालवू शकत नाही आणि पत्रकाराचा व्हिसा वेगळा असतो. पाकिस्तानी वंशाच्या पण दुसऱ्या देशाच्या खेळाडूंची यादी सर्वांत आधी पाठवा. २०२३मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाला आणि २०२४मध्ये इंग्लंडच्या शोएब बशीरला भारताचा व्हिसा उशिरा मिळाला आणि दोघांना संघामागून यावं लागलं. हा विलंब आधीच माहीत असतो, म्हणूनच टाळता येतो.

दोन देशांची प्रवेशव्यवस्था सारखीच असेल असं गृहीत धरणं युरोपातही महागात पडू शकलं असतं. २००८च्या युरो स्पर्धेत ऑस्ट्रिया शेंगेनमध्ये (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या प्रदेशात) होता आणि स्वित्झर्लंड अजून नव्हता. ते त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आत आले, स्पर्धा जूनमध्ये झाली.

तपासणी: वेस्ट इंडिज किंवा आफ्रिकी संघांतल्या प्रत्येकाकडे पीतज्वराच्या लसीचा दाखला आहे का? हॉटेल परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांत ऑनलाइन करतं का? दोन्ही गोष्टी हॉटेलच्या करारात लिहा.

## टप्पा ६: सामानाची ये-जा

कॅमेरे, केबल, स्कोअरिंगची यंत्रं दोन्ही देशांत फिरणार. त्यासाठी एटीए कार्नेट ही तात्पुरत्या आयातीची वही वापरली जाते. भारतात ती फिक्की ही उद्योग-व्यापार संघटना देते. वहीतली पिवळी पानं स्वतःच्या देशातून निघताना आणि परतताना, पांढरी पानं परक्या देशात शिरताना आणि तिथून निघताना. अधिकारी पानाचा सुटा भाग फाडून घेतो आणि वहीत राहणाऱ्या स्थळप्रतीवर शिक्का मारतो. सामना रात्री साडेअकराला संपला, माल पहाटेच्या विमानात चढला आणि बाहेर पडतानाचा पांढरा शिक्का राहून गेला, तर त्या देशाच्या लेखी तो कॅमेरा अजून तिथेच आहे. काही महिन्यांनी शुल्काची मागणी येते. म्हणून एका माणसाला फक्त शिक्क्यांचं काम द्या आणि त्याने प्रत्येक स्थळप्रतीचा फोटो काढून त्याच रात्री पाठवावा.

वही वापरण्याआधी त्या प्रकारचा माल कार्नेटवर स्वीकारला जातो का, हे दोन्ही देशांच्या सीमाशुल्क खात्याकडून लेखी घ्या. खपून जाणारा माल (टोप्या, पाणी, छापील फलक) कार्नेटवर कधीच नको, कारण तो परत जाणार नसतो.

इशारा: तयार ड्रोनच्या आयातीला भारतात फेब्रुवारी २०२२पासून मनाई आहे, मोजके अपवाद सोडून. कोलंबोत उडवलेला ड्रोन मुंबईत आणता येईल असं धरू नका. भारतातल्या सामन्यांसाठी इथलाच घ्या. उपग्रह फोन तर परवानगीशिवाय पिशवीतही नको, त्यावरून विमानतळावर लोकांना ताब्यात घेतलं गेलं आहे. वायरलेस माइक आणि वॉकीटॉकीची वारंवारिता प्रत्येक देशात वेगळी मंजूर करून घ्यावी लागते.

## टप्पा ७: नाव, जाहिरात, प्रक्षेपण

बोधचिन्हाची नोंदणी दोन्ही देशांत वेगवेगळी करा. भारतातला ट्रेडमार्क श्रीलंकेत आपोआप चालत नाही. प्रायोजक नसताना स्पर्धेच्या नावावर जाहिरात करणाऱ्यांविरुद्ध भारतात वेगळा कायदा नाही. २००३च्या विश्वचषकाच्या वेळी आयसीसीची कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. वस्तू घ्या आणि विश्वचषकाचं तिकीट जिंका, अशा जाहिरातीला न्यायालयाने मनाई केली नाही. बोधचिन्ह मात्र परवानगीविना वापरता येणार नाही, असं दुसऱ्या प्रकरणात सांगितलं. म्हणून भारतात तुमचं खरं संरक्षण करारांतून येतं: तिकिटामागच्या अटी, मैदानाचा भाडेकरार, आणि आसपासच्या फलकांसाठी महापालिकेशी आधी केलेली बोलणी.

प्रक्षेपणात दोन गोष्टी निसटतात. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला देण्याची सक्ती २००७च्या कायद्याने आहे आणि ती सामना कोलंबोत असला तरी भारतात दिसणाऱ्या प्रक्षेपणाला लागू होते. तसंच, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर भारताने ऑगस्ट २०२५मध्ये बंदी आणली. सीमारेषेवरचा कोलंबोतला फलक साताऱ्यातल्या घरातही दिसतो. तिथल्या फलकांचे करार करताना भारतीय नियम पाळण्याची अट घाला.

प्रेक्षकांची माहिती दोन देशांत फिरणार असेल तर वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे दोन कायदे बघा: भारताचा २०२३चा आणि श्रीलंकेचा २०२२चा.

## टप्पा ८: मैदान बदललं तर, संघ आला नाही तर

माझ्या मते करारातलं सर्वांत दुर्लक्षित पान हे आहे. ‘अपरिहार्य परिस्थिती’ या एका कलमात सगळं कोंबलं जातं. भारतातली तीनच उदाहरणं पाहा.

फेब्रुवारी २०११: ईडन गार्डन्स वेळेत तयार झालं नाही आणि भारत-इंग्लंड सामना बंगळुरूला गेला. एप्रिल २०१६: दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. ऑगस्ट २०२५: बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर ४ जूनला झालेल्या चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला होता, त्यानंतर पोलिसांची परवानगी न मिळाल्याने महिला विश्वचषकाचे सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर आले आणि अंतिम सामनाही तिथेच झाला.

पहिल्यात दोष मैदानाचा. दुसऱ्यात न्यायालयाचा आदेश, पण दुष्काळ आधीपासून दिसत होता. तिसऱ्यात प्रशासनाचा नकार, आणि त्यामागे माणसांचे जीव. विमा कंपनी तिन्हींना वेगळं उत्तर देते. म्हणून प्रत्येक मैदानासाठी पर्यायी मैदान नावानिशी ठरवा, बदलाची शेवटची तारीख ठरवा, आणि कोणत्या कारणाने बदल झाला तर खर्च कोण सोसणार हे वेगवेगळं लिहा. पर्याय दुसऱ्या देशात असेल तर टप्पा ४, ५ आणि ६ त्या मैदानासाठीही आधीच पूर्ण हवेत. गर्दीच्या सुरक्षेचा आराखडाही तसाच. तो ऐनवेळी नव्या मैदानावर चिकटवता येत नाही, आणि इथली घाई जिवावर बेतते.

संघाने माघार घेणं हा वेगळा विषय. १९९६मध्ये कोलंबोतल्या बॉम्बस्फोटानंतर ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिज तिथे खेळायला गेले नाहीत आणि गुण श्रीलंकेला मिळाले. २००३मध्ये इंग्लंडने हरारेत आणि न्यूझीलंडने नैरोबीत खेळायला नकार दिला, तेव्हाही गुण गेले. गुणांचा नियम स्पर्धेच्या नियमावलीत असतो. तिकीट, प्रक्षेपण आणि प्रायोजकाच्या पैशांचं काय, हे तुमच्या करारात हवं. सुरक्षित आहे की नाही हे कोण ठरवणार, यजमान सरकार की स्वतंत्र तज्ज्ञ, हेही आधीच लिहा.

तपासणी: उपांत्य किंवा अंतिम सामन्याचं ठिकाण कोणता संघ पोचतो यावर अवलंबून असेल तर दोन्ही शहरांच्या तिकिटांवर परताव्याची अट मराठी, हिंदी, सिंहली, तमिळ अशा त्या त्या भाषेत छापली आहे का? भारतीय ग्राहक २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. कोल्हापूरच्या प्रेक्षकाची नोटीस कोल्हापुरातूनच येईल.

## टप्पा ९: गुन्हा एकाच प्रकारचा, कायदा दोन प्रकारचा

सामना निश्चिती (मॅच फिक्सिंग) श्रीलंकेत २०१९च्या खास कायद्याने गुन्हा आहे. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२मध्ये सांगितलं की सामना निश्चितीला भारतीय दंडसंहितेतल्या फसवणुकीच्या कलमात बसवता येत नाही. म्हणजे कोलंबोत ज्या कृत्यावर पोलिस अटक करतील, त्यावर मुंबईत बहुधा खेळाच्या शिस्तभंग नियमांनीच कारवाई होईल. प्रत्येक मैदानावरच्या भ्रष्टाचारविरोधी अधिकाऱ्याला एक पानाची सूचना द्या: संशय आला तर कुणाला कळवायचं, फोन कुणी ताब्यात घ्यायचा, पोलिसांना कधी बोलवायचं. दोन देशांसाठी दोन वेगळी पानं.

## टप्पा १०: वाद कुठे सोडवायचा

मोठ्या करारांसाठी लवाद ठेवा, पण लवादाची जागा विचारपूर्वक निवडा. परदेशी निवाडा भारतात अंमलात आणायचा तर तो देश केंद्राने राजपत्रात अधिसूचित केलेला असावा लागतो. सिंगापूर आणि ब्रिटन त्या यादीत आहेत. यादी न पाहता जागा लिहिली तर निवाडा जिंकूनही वसुली अडते.

मंडपवाले, जेवण पुरवणारे, बसवाले अशा लहान कंत्राटदारांच्या करारात मात्र सिंगापूर लिहू नका. पाच लाखांच्या बिलासाठी त्यांना तिथे जाता येणार नाही, आणि हे माहीत असून तसं कलम घालणं योग्य नाही. त्यांच्यासाठी त्यांच्याच शहराचं न्यायालय ठेवा.

## टप्पा ११: स्पर्धा संपल्यावर

शेवटच्या सामन्यानंतर लोक विखुरतात आणि समिती बरखास्त होते. त्याआधी ही कामं उरकून घ्या: कार्नेटच्या सगळ्या वह्या शिक्क्यांसकट तपासून परत करणं, कापलेल्या कराची प्रमाणपत्रं परदेशी मंडळांना पाठवणं, बँक हम्या सोडवून घेणं, पोलिस बंदोबस्ताची बिलं चुकती करणं आणि मुदतीच्या सवलती कोणत्या तारखेला संपल्या याची नोंद.

मग कागद कुठे राहणार ते ठरवा. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, पण तेवढ्यावर भागत नाही. पिलकॉमचे सामने फेब्रुवारी-मार्च १९९६मध्ये झाले आणि अंतिम निकाल एप्रिल २०२०मध्ये आला. मूळ प्रती कोणत्या मंडळाकडे राहतील, प्रमाणित संच दुसऱ्या मंडळाकडे कधी पोचेल, आणि समिती उरली नसताना करखात्याच्या नोटिशीला उत्तर कोण देईल, या तीन ओळी समिती बरखास्त करण्याच्या ठरावातच लिहून घ्या आणि त्यावर दोन्ही मंडळांच्या सह्या घ्या.